एकादशी बंद, चाळीस दिवस सुरू : गोव्यातल्या उपवासाची गोष्ट

१५९८ मध्ये आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजा येथे जिजाऊंचा जन्म झाला. त्या वेळी दूर गोव्याच्या साष्टी प्रांतात फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट मराठीत चांगलेच मुरले होते. ते १५७९ मध्ये गोव्यात आले होते. १६१६ मध्ये त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ राशोल येथे छापले गेले : लिपी रोमन, भाषा मराठी, छंद ओवीचा. हा ग्रंथ पुष्कळांना ठाऊक असतो. त्या काळातील उपवासाचा इतिहास मात्र फारसा कोणी सांगत नाही.

कॅथलिकांचा प्रायश्चित्तकाळ राखेच्या बुधवारी सुरू होतो. त्या दिवशी कपाळावर राख लावली जाते. तेथून ईस्टरपर्यंत, मधले रविवार वगळता, ४० दिवस भरतात. येशूने अरण्यात ४० दिवस उपवास केला, त्याची ही आठवण. मांस वर्ज्य आणि दिवसातून एकदाच पोटभर जेवण, असा जुना दंडक होता. पण उपाशी राहणे हे या व्रताचे एकच अंग. प्रार्थना आणि दानधर्म ही दुसरी दोन. स्वतःच्या ताटातले कमी करावे, ते गरजूच्या ताटात पडावे आणि त्यातून मन पालटावे, हा मूळ हेतू.

गोव्याच्या नवख्रिस्ती कुटुंबांना यात अनोळखी असे काय होते? पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या घरी एकादशी पाळली जात होती. आणि नेमकी तीच खुपली. १७३६ च्या इन्क्विझिशनच्या जाहीरनाम्याने अंगणातील तुळशीबरोबर एकादशीच्या उपवासालाही मनाई केली. म्हणजे धर्मांतराला दीडशेहून अधिक वर्षे लोटल्यावरही ती पाळली जात होती. एरवी मनाई कशाला करावी लागली असती? गंमत अशी, की ईस्टरही चंद्रावरच ठरतो. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार तो ईस्टर. बहुधा आपल्या चैत्री पौर्णिमेच्या आसपासचा. एका तिथीचा उपवास गुन्हा आणि दुसऱ्या तिथीवरून मोजलेला उपवास कर्तव्य, असा हा व्यवहार होता.

स्टीफन्स यांचे काम याच विसंगतीत उभे आहे. १५६७ मध्ये साष्टीतील देवळे पाडली गेली, जुन्या पोथ्या निषिद्ध ठरल्या. क्रिस्तपुराणाच्या आरंभीच एक ब्राह्मण पाद्रींना विनवतो, की जुनी पुराणे गेली, त्यांच्या जागी मराठीत काही द्यावे. ही मागणी मला फार बोलकी वाटते. नुसत्या नियमावलीने माणसाचे अंतःकरण हलत नाही, हे त्या लोकांना कळत होते आणि स्टीफन्सनाही. प्रायश्चित्तकाळाच्या केंद्रस्थानी असलेली ख्रिस्ताच्या दुःखभोगाची कथा म्हणूनच ओवीत आली. पुढे फ्रान्सिस्को वाझ द गिमाराइश यांनी उत्तर कोकणच्या बोलीत त्याच विषयावर स्वतंत्र पुराण रचले.

ज्या भाषेत हा पश्चात्ताप उमटला, तिच्यावरही अखेर गदा आली. १६८४ मध्ये व्हाइसरॉयने फर्मान काढले, की स्थानिक भाषा सोडून लोकांनी तीन वर्षांत पोर्तुगीज बोलू लागावे. क्रिस्तपुराणाच्या १६१६, १६४९ आणि १६५४ या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज सापडत नाही. १९०७ मध्ये मंगळुरात ते पुन्हा छापले गेले, ते हस्तलिखितांवरून.

उपवासाची सक्ती सैल झाली ती १९६६ मध्ये. पोप सहावे पॉल यांनी बंधनकारक उपवास दोनच दिवसांवर आणला : राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. उरलेल्या दिवसांत काय सोडायचे आणि कोणाला काय द्यायचे, हे बरेचसे ज्याच्या त्याच्या विवेकावर सोपवले गेले.