देखावा, निसर्गचित्र आणि गोदाघाट : एका संज्ञेचा इतिहास

चित्रप्रकारांसाठी मराठीने जी नावे रूढ केली, त्यांपैकी ‘व्यक्तिचित्र’ आणि ‘स्थिरचित्र’ ही आपापल्या विषयाशी बऱ्याच अंशी जुळतात. ‘निसर्गचित्र’ या नावाविषयी तसे म्हणता येत नाही. नाशिकचे चित्रकार शिवाजी तुपे यांनी जलरंगात रंगविलेला गोदाघाट पाहावा. काळ्या पाषाणाची देवळे, झिजलेल्या पायऱ्या, धुणे, छत्र्या, यात्रेकरू आणि या सर्वांच्या सावल्या धरून ठेवणारे पाणी, एवढा ऐवज तेथे दिसतो. यात निसर्ग म्हणावा असा भाग थोडाच आहे. तरीही अशा चित्रांना आपण बिनदिक्कत निसर्गचित्रे म्हणतो. या विसंगतीचे मूळ संज्ञेच्या इतिहासात शोधावे लागते.

संस्कृतात ‘निसर्ग’ हा शब्द ‘नि’ या उपसर्गासह ‘सृज्’ धातूपासून सिद्ध झाला. उत्सर्ग, सृष्टी, आणि विशेषतः जन्मजात स्वभाव, हे त्याचे जुने अर्थ होत. ‘निसर्गतः’ या क्रियाविशेषणात स्वभावाचा अर्थ अजूनही टिकून आहे. डोंगर, नदी, वृक्ष यांचा मनुष्येतर समुच्चय हा त्याचा अर्थ अर्वाचीन आहे, आणि इंग्रजी शिक्षणाने घडविलेल्या काव्यदृष्टीने तो दृढ केला. बालकवी ठोमरे (१८९०–१९१८) यांना मराठी वाचक ‘निसर्गकवी’ म्हणू लागला, तेव्हा या नव्या अर्थाचे आसन पक्के झाले असे म्हणण्यास हरकत नाही. कवितेत रुळलेला शब्द चित्रालाही चिकटला. मात्र चित्रकाराच्या डोळ्यांपुढे काय होते, याची चौकशी कोणी केली नाही.

त्यापूर्वीचा शब्द ‘देखावा’. हा ‘देखणे’ या क्रियापदापासून आलेला असल्याने पाहणाऱ्याला त्यात स्थान आहे. संगीत नाटकाचे रंगविलेले पडदे हे देखावे होते. गणेशोत्सवातील देखावे तर आजही होतात. पण याच शब्दाला दिखाऊपणाची, खोटेपणाची एक छटा आहे, आणि कलाशिक्षणाच्या प्रतिष्ठित परिभाषेत ती परवडणारी नव्हती. देखावा मांडवात राहिला आणि कलादालनात निसर्गचित्र आले.

चित्रांचा इतिहास मात्र या नामांतराच्या वाटेने गेलेला नाही. पुण्याच्या गंगाराम चिंतामण तांबट यांनी १७९० च्या दशकात चार्ल्स मॅलेटसाठी वेरूळची लेणी रेखाटली, तेव्हा त्यांचा विषय कोरलेला डोंगर होता. मुंबईत १८५७ साली जे. जे. कलाशाळा सुरू झाली आणि १८८८ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटी स्थापन झाली. तेथून घडलेल्या परंपरेत घाट, देवळे आणि बाजार हे विषय पुनःपुन्हा येतात. कोल्हापूरचे आबालाल रहिमान (मृत्यू १९३१) कोटीतीर्थाच्या काठी प्रकाशाचा माग घेत राहिले. पण कोटीतीर्थ हेही तीर्थच, अरण्यातले सरोवर नव्हे. आमच्या चित्रकारांनी निर्मनुष्य भूमी क्वचितच शोधली, असे माझे मत आहे.

येथे इटालियन भाषेचा दाखला उपयोगी पडतो, कारण तिच्यातही हे शब्दांचे जोडपे आहे. ‘वेदूता’ हा शब्द ‘पाहणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून आलेला, म्हणजे ‘देखाव्या’चा जणू सख्खा भाऊ. अठराव्या शतकात कानालेत्तोने रंगविलेले व्हेनिस या नावाखाली येते. दुसरा शब्द ‘पाएझाज्जो’. फ्रेंच शब्दाच्या नमुन्यावर तो ‘पाएझे’पासून घडला, आणि ‘पाएझे’ म्हणजे गाव, मुलूख, देश. माणसाने वसविलेली भूमी हा अर्थ त्याच्या मुळातच आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांतील इटालियन चित्रे या शब्दाला जागतात. कार्लो कार्राच्या ‘समुद्रकाठचा पाइन’ (१९२१) या चित्रात झाड आणि समुद्र यांच्याइतकेच वजन एका कोऱ्या घराला आणि लाकडी घोडीवर टाकलेल्या पांढऱ्या वस्त्राला आहे. जॉर्जो मोरांदी १९१३ पासून ग्रित्झाना या डोंगरी गावी जाऊ लागला. तेथील उतार आणि घरांच्या भिंती त्याने एकाच धूसर रंगात लिंपल्या. घर कोठे संपते आणि टेकडी कोठे सुरू होते, हा भेद त्याला महत्त्वाचा वाटत नाही.

संज्ञेची निवड ही केवळ कोशकाराची बाब नसते, हे इटलीच्या कायद्यांवरून ध्यानात येते. तेथील १९२२ आणि १९३९ च्या कायद्यांच्या शीर्षकांत ‘नैसर्गिक सौंदर्यस्थळे’ हा शब्दप्रयोग होता. १९४८ साली अमलात आलेल्या राज्यघटनेच्या नवव्या अनुच्छेदाने मात्र ‘पाएझाज्जो’ हा शब्द घेतला आणि राष्ट्राच्या ऐतिहासिक व कलाविषयक वारशासह एकाच वाक्यात त्याला संरक्षण दिले. पर्यावरण व जैवविविधता यांचा उल्लेख त्यात २०२२ मध्ये स्वतंत्रपणे जोडावा लागला. पहिल्या शब्दात तो अर्थ स्पष्टपणे सामावत नव्हता.

आपल्या राज्यघटनेत याची विभागणी निराळी आहे. राष्ट्रीय महत्त्वाची स्मारके अनुच्छेद ४९ मध्ये येतात. पर्यावरण, वने व वन्य जीव १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने आलेल्या ४८क मध्ये. गोदाघाट यांपैकी कशात बसवावा? नारोशंकराचे देऊळ (१७४७) स्मारक म्हणता येईल, नदीला पर्यावरण म्हणता येईल. परंतु दुतोंड्या मारुतीचे काय? पाणी त्याच्या गुडघ्याला लागले की कमरेला, यावर नाशिककर पूर मोजतो. मूर्ती, पाणी आणि मोजणारा माणूस यांची फारकत केली, तर त्या स्थळाचा अर्थच उरत नाही.

एकविसाव्या शतकाच्या आरंभी, सिंहस्थाच्या तयारीत, गोदापात्रातील जुन्या कुंडांवर काँक्रीटचे थर चढले; पुढे ते काढण्याची मागणी न्यायालयापर्यंत गेली. अशा वेळी पूर्वीच्या चित्रांकडे पुरावा म्हणून पाहावयास हवे होते. पायऱ्यांची रचना, पाण्याची पातळी, कुंडाच्या काठाचा दगड या गोष्टी जलरंगात नोंदलेल्या आहेत. पण ‘निसर्गचित्र’ या नावाखाली ठेवलेली वस्तू इतिहासाच्या अभ्यासकाच्या दफ्तरात सहसा पोहोचत नाही. ती रसिकाच्या भिंतीवर राहते. ‘स्थलचित्र’ हा शब्द मराठीत बनू शकतो. तो रुळेल की नाही हे सांगता येत नाही. मात्र गोदाघाटाच्या चित्रांची सूची करावयाची झाल्यास ती त्या नावाने, आणि प्रत्येक चित्रातील घाटाचा निर्देश करून, करणे इष्ट होईल.