पदच्छेद : शाकल्यापासून पायथनपर्यंत

एखाद्या काव्यसंग्रहातील शब्दांची वारंवारिता मोजायची, तर आधी शब्द सुटे करावे लागतात. पायथन या संगणकभाषेत हे काम 'स्प्लिट' नावाची एक छोटीशी आज्ञा करते. मजकूर म्हणजे चिन्हांची एक सलग माळ, पायथनच्या परिभाषेत 'स्ट्रिंग'. तिच्यावर ही आज्ञा चालवली की सुट्या पदांची यादी, म्हणजे 'लिस्ट', हाती येते. 'बाबा जीवनात रमले' हे वाक्य दिले, तर ['बाबा', 'जीवनात', 'रमले'] अशी यादी मिळते. हे इतके सहज घडते की शब्द नेमके कोणी तोडले, हा प्रश्नच मनात येत नाही. साहित्याच्या अभ्यासकाने तो विचारला पाहिजे, असे आम्हांला वाटते. कारण त्याचे उत्तर संगणकाच्या इतिहासापेक्षा लेखनाच्या इतिहासात अधिक सापडते.

तेच वाक्य जागा न सोडता 'बाबाजीवनातरमले' असे लिहून पाहावे. आता यादीत एकच घटक उरतो : संपूर्ण वाक्य, जसेच्या तसे. संगणकाला येथे काहीच तोडता येत नाही. वाचकाला मात्र दोन मार्ग दिसतात : 'बाबा जीवनात रमले' आणि 'बाबाजी वनात रमले'. एका छेदाने गृहस्थ उभा राहतो, दुसऱ्याने विरक्त. अक्षरे तीच, क्रमही तोच. अर्थ ठरवला तो छेदाने. म्हणजे 'स्प्लिट' शब्द ओळखत नाही. कोणीतरी आधीच सोडून ठेवलेली मोकळी जागा तेवढी ती ओळखते.

ही जागा सोडण्याचा निर्णय आपल्या परंपरेत फार जुना आहे आणि तो वादाचाही विषय झालेला आहे. ऋग्वेदाच्या संहितापाठात पदे संधीने एकमेकांत मिसळलेली असतात. शाकल्याने ती सोडवून पदपाठ सिद्ध केला. पाणिनीने अष्टाध्यायीत शाकल्याचा नामनिर्देश केला आहे. त्यावरून या कार्याचे प्राचीनत्व आणि महत्त्व दोन्ही ध्यानात येतात. परंतु पदपाठ हा निर्विवाद नव्हता. दहाव्या मंडलातील एका मंत्रात शाकल्याने 'वा' आणि 'यः' अशी दोन पदे मानली. यास्काने निरुक्तात हा छेद नाकारला. 'वायः' हे एकच पद असून त्याचा अर्थ पक्ष्याचे पिल्लू असा आहे, हे त्याचे मत. शाकल्याप्रमाणे तोडले तर वाक्यातील क्रियापद उदात्त व्हायला हवे होते आणि अर्थही अपुरा राहिला असता, असा त्याचा युक्तिवाद आहे. एक छेद योग्य की अयोग्य हे ठरवण्यासाठी यास्काला स्वर, वाक्यरचना आणि अर्थ या तिन्हींचा आधार घ्यावा लागला. पदच्छेद हे यांत्रिक काम नसून भाष्याची पहिली पायरी आहे, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता असेल?

लेखनाचा प्रवासही असाच आहे. जुन्या पोथ्यांत अक्षरे सलग चालत. मोडीत तर आधी शिरोरेघ ओढून तिच्याखाली मजकूर लिहीत जाण्याची रीत होती. शब्दांमध्ये जागा सोडण्याचा प्रघात नव्हता. शब्द वेगळे करणे ही वाचणाऱ्याची जबाबदारी होती. ग्रीक लेखनही असेच सलग असे. प्राचीन रोमन लोक शब्दांमध्ये बिंदू देत, पण पुढे त्यांनीही ती प्रथा सोडली. युरोपात शब्दांमध्ये नियमाने जागा सोडण्याचे श्रेय सातव्या-आठव्या शतकांतील आयरिश लेखनिकांकडे जाते; लॅटिन ही त्यांची मातृभाषा नसल्याने शब्द ओळखण्यासाठी त्यांना मदत हवी होती. या जागांमुळेच मूकवाचन रुजले, असा सिद्धान्त पॉल सेंगर यांनी 1997 सालच्या आपल्या ग्रंथात मांडला. आपल्याकडे बालबोध छपाई रूढ झाली, तशी शब्दामागची मोकळी जागाही वाचकांच्या अंगवळणी पडली.

संगणकाच्या जगात ही जागा गृहीत धरूनच आज्ञा घडल्या. 1977 साली बेल प्रयोगशाळेत आहो, वाइनबर्गर आणि कर्निगन यांनी 'ऑक' ही भाषा तयार केली. ती प्रत्येक ओळ मोकळ्या जागांवर आपोआप तोडत असे आणि सलग अनेक जागा आल्या तरी त्या एकच मानत असे. गीदो वान रोसम यांची पायथन 1991 साली प्रसिद्ध झाली. तिच्यातील 'स्प्लिट' काहीही वेगळे न सांगता वापरली, तर याच नियमाने वागते. स्वल्पविरामावर वा दंडावर तोड, असेही तिला सांगता येते. पण विभाजक म्हणून रिकामी स्ट्रिंग दिली, तर ती चूक दाखवून थांबते.

या वारशाचे परिणाम मराठीच्या अभ्यासकाला जाणवल्याखेरीज राहत नाहीत. 'घरासाठी' हे मराठीत एक पद, तर हिंदीतील 'घर के लिए' ही तीन. दोन भाषांतील कादंबऱ्यांची शब्दसंख्या या आज्ञेने मोजून तुलना केली, तर आपण शैली नव्हे, लेखनपद्धती मोजत असतो. 'रमले' आणि पूर्णविराम चिकटलेले 'रमले.' हे तिच्या लेखी दोन वेगळे शब्द. नवी ओळ हीसुद्धा तिच्या दृष्टीने मोकळी जागाच. त्यामुळे ओवीचे चरण एकाच यादीत विरून जातात आणि ते राखायचे तर आधी ओळींनुसार विभागणी करावी लागते. शब्दाच्या आत शिरावे तर वेगळीच अडचण. 'मराठी' या शब्दाची चिन्हवार यादी केली तर म, र, ा, ठ, ी असे पाच घटक मिळतात. कान आणि छंदःशास्त्र तेथे तीनच अक्षरे मोजतात. युनिकोड मात्र काना आणि वेलांटी यांना स्वतंत्र चिन्हे मानते. अक्षरगणवृत्ताचा अभ्यास या यादीवर उभा करता येणार नाही.

याचा अर्थ हे साधन त्याज्य आहे, असा नाही. हजारो पाने एका क्षणात सुटी करण्याचे सामर्थ्य मानवी हाताला नाही. प्रश्न आहे तो त्या यादीला अंतिम प्रमाण मानण्याचा. वैदिक परंपरेने पदपाठ केला, पण संहिता टाकून दिली नाही. समासाच्या घटकांमध्ये अवग्रह ठेवून पदाच्या आतला छेद निराळा दाखवला. क्रमपाठात पहिले-दुसरे, दुसरे-तिसरे अशी पदांची जोडी म्हणत तुटलेला संधी पुन्हा जोडला. आपल्या विद्यार्थ्यांनीही मूळ मजकूर अबाधित ठेवावा, छेद कोणत्या नियमाने केला ते प्रबंधात नोंदवावे आणि शंकास्पद पदे स्वतः वाचून पाहावीत. शब्दसंख्येचा तक्ता मांडताना 'येथे शब्द म्हणजे काय?' याचे उत्तर देणे हे संशोधकाचे काम आहे. ते पायथनवर सोपवता येत नाही; यास्कानेही ते शाकल्यावर सोपवले नव्हते.