छावणीचे पाणी : कॅम्प लजूनची गोष्ट



लष्करी इतिहास म्हटला की आपण लढायांबद्दल बोलतो. आज लढाई नाही. आज पाण्याबद्दल बोलायचे आहे. शत्रूने विहिरीत विष कालवल्याच्या कथा आपण ऐकल्या आहेत, ही तशी कथा नाही. एका बलाढ्य सैन्याने आपल्याच जवानांना आणि त्यांच्या बायकामुलांना तीसहून अधिक वर्षे जे पाणी पाजले, त्याची ही गोष्ट आहे.

ठिकाण आहे अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातले कॅम्प लजून. मरीन कोअरचा हा प्रचंड तळ १९४१ पासून उभा राहिला. इथले पाणी जमिनीखालून यायचे. बऱ्याच खोल विहिरी होत्या. त्यांचे पाणी शुद्धीकरण केंद्रात एकत्र व्हायचे आणि तिथून बराकी, क्वार्टर्स, शाळा, रुग्णालय असे सगळीकडे जायचे. घात झाला तो मुख्यतः दोन केंद्रांत, टारावा टेरेस आणि हॅडनॉट पॉइंट.

टारावा टेरेस ही कुटुंबांची वसाहत. तळाच्या कुंपणाबाहेर कपडे ड्रायक्लीन करण्याचे एक दुकान होते. तिथले पर्क्लोरोइथिलीन, म्हणजे पीसीई, जमिनीत मुरून विहिरींपर्यंत पोहोचले. हॅडनॉट पॉइंटचे प्रकरण मात्र घरचेच. यंत्रांच्या भागांवरचे ग्रीस काढायला ट्रायक्लोरोइथिलीन, म्हणजे टीसीई वापरत. शिवाय जमिनीखालच्या इंधनाच्या टाक्या गळत होत्या आणि कचऱ्याचे खड्डे होते. इंधनातून बेंझीनही पाण्यात आले.

वर्कशॉपच्या मागची काळी पडलेली जमीन मी माझ्या नोकरीत पाहिली आहे. त्या काळी कुणाला त्यात गैर वाटत नसे. ओतले, जिरले, संपले! पण टीसीई संपत नाही. ते पाण्यापेक्षा जड असते, त्यामुळे खाली खाली जात भूजलात उतरते. क्लोरीन टाकून ते जात नाही. गरम पाण्याने आंघोळ केली तर त्याची वाफ श्वासातून आत जाते. म्हणजे पाणी प्यायला नाहीत तरी सुटका नाही.

आता तारखा नीट ऐका, कारण खरी गोष्ट तारखांत आहे.

१९८० मध्ये क्लोरीनमुळे तयार होणाऱ्या रसायनांसाठी पाण्याची तपासणी सुरू झाली. दुसरेच काहीतरी मोजमापात अडथळा आणत होते. लष्कराच्याच प्रयोगशाळेतल्या रसायनतज्ज्ञाने १९८१ मध्ये अहवालावर हाताने लिहून कळवले की पाण्यात सॉल्व्हंट मोठ्या प्रमाणावर आहेत. १९८२ मध्ये एका खासगी प्रयोगशाळेने टीसीई आणि पीसीई नावानिशी ओळखले. हॅडनॉट पॉइंटच्या एका नमुन्यात टीसीईचे प्रमाण अब्जात १,४०० भाग निघाले. पुढे अमेरिकेत कायद्याने मर्यादा ठरली, ती ५ भागांची.

आणि विहिरी कधी बंद झाल्या? १९८४ च्या अखेरीपासून १९८५ च्या सुरुवातीपर्यंत. मधली दोन वर्षे तेच पाणी चालू राहिले.

बचाव असा होता की त्या वेळी या रसायनांसाठी कायदेशीर मर्यादाच नव्हती. ते खरे आहे. आणखी एक अडचण होती. विहिरी आळीपाळीने चालत, म्हणून एका दिवशीचा नमुना वाईट आणि दुसऱ्या दिवशीचा बरा येई. पण कागदावर मर्यादा नाही म्हणून कमांडरची जबाबदारी संपते का? एप्रिल १९८५ मध्ये टारावा टेरेसच्या रहिवाशांना पत्र गेले, त्यात रसायनांचे प्रमाण अगदी किरकोळ असल्याचे म्हटले होते.

जेरी एन्समिंगर हे तिथले मास्टर सार्जंट. त्यांची मुलगी जेनी रक्ताच्या कर्करोगाने १९८५ मध्ये गेली, नऊ वर्षांची होती. का गेली, याचा धागा वडिलांना १९९७ मध्ये मिळाला, तोही टीव्हीवरच्या बातमीतून. खात्याने सांगितले नव्हते. मग हा निवृत्त सैनिक कागद शोधत राहिला, संसदेच्या समित्यांपुढे उभा राहिला. २०१२ मध्ये उपचारांचा कायदा झाला, त्याला जेनीचे नाव दिले गेले. २०१७ मध्ये रक्ताचा, मूत्रपिंडाचा, यकृताचा कर्करोग, पार्किन्सन यांसह आठ आजार तिथल्या सेवेमुळे झाल्याचे गृहीत धरण्याचा नियम आला.

भरपाईची वाट त्याहून बिकट होती. १९५० च्या फेरेस खटल्यामुळे सेवेत झालेल्या इजेसाठी सैनिकाला सरकारवर दावा करता येत नाही. कुटुंबांच्या आड राज्याचा दहा वर्षांच्या मुदतीचा नियम आला. अखेर ऑगस्ट २०२२ मध्ये कायदा करून ही दारे उघडली. १९५३ ते १९८७ या काळात तिथे किमान तीस दिवस राहिलेल्यांना दाव्याचा हक्क मिळाला. बाधितांची संख्या दहा लाखांपर्यंत असू शकते, असा सरकारी अंदाज आहे.

२०२३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लजूनच्या माजी सैनिकांची तुलना कॅलिफोर्नियातल्या कॅम्प पेंडल्टनच्या माजी सैनिकांशी केली होती. नोकरी तीच, शिस्त तीच, पाणी वेगळे. लजूनवाल्यांत पार्किन्सनचा धोका ७० टक्क्यांनी जास्त निघाला. विहिरी बंद होऊन तेव्हा जवळपास चार दशके झाली होती.

मंडळी, सैनिक आपल्या क्वार्टरमधल्या नळाचे पाणी तपासून पीत नाही. बदलीचा आदेश आला की ट्रंका बांधतो, कुटुंब घेऊन जातो, नळ उघडतो. त्या नळावरचा विश्वास हाही शिस्तीचाच भाग आहे. कुंपणानेच शेत खाल्ले तर दाद कुणाकडे मागायची, हा प्रश्न म्हणून फक्त अमेरिकेचा राहत नाही.

तुमच्यापैकी कुणी बेळगावच्या छावणीजवळ राहत असेल, कुणी महूला, कुणी सिकंदराबादला, कुणी देवळालीला. घाबरवण्यासाठी मी हे सांगत नाही. पाण्याची तपासणी होते का, कशासाठी होते आणि तिचा अहवाल पाणी पिणाऱ्याला दिसतो का, एवढे तीन प्रश्न विचारायची सवय ठेवा. एन्समिंगर यांना उत्तर मिळायला बारा वर्षे लागली, आणि तोपर्यंत विचारायला लेक उरली नव्हती.

जय हिंद.