स्थिरचित्राचे ऋण

हैदराबादच्या मराठी माणसांचा इतिहास लिहायला बसले की ठरावीक नावे आपोआप लेखणीत येतात. केशवराव कोरटकर आणि वामन नाईक येतात, 1907 साली निघालेली विवेकवर्धिनी येते, डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या अध्यक्षतेखाली 1931 मध्ये हैदराबादेत भरलेले साहित्य संमेलन येते, आणि मग मुक्तिसंग्राम. वकील आले, शिक्षक आले, सत्याग्रही आले. चित्रकार मात्र या यादीत सहसा येत नाहीत. आलेच तर 'निजामाच्या दरबारी एक मराठी चित्रकार होते' एवढ्या अर्ध्या वाक्यात त्यांची बोळवण होते. त्या अर्ध्या वाक्यामागे काय दडले आहे हे पाहावे, आणि तेही चित्रकलेतल्या सर्वांत दुर्लक्षित प्रकाराच्या अंगाने पाहावे, असे बरेच दिवस मनात होते. तो प्रकार म्हणजे स्थिरचित्र.

स्थिरचित्र म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांना शाळा आठवते. एलिमेंटरीला वस्तुचित्र, इंटरमिजिएटला स्थिरचित्र. स्टुलावर सुरकुत्या पाडून टाकलेले कापड, त्यावर पितळी तांब्या, एखादे वांगे, दोन कांदे. तांब्याचे तोंड समोरून पाहिले तर गोल नसून लंबगोल दिसते, हे कळायला अर्धे वर्ष जाई. तालुक्याच्या गावी आमचे चित्रकलेचे मास्तर म्हणत, "तांब्या काढू नका, दिसतो तो काढा." त्या वयात हे वाक्य नुसते कोडे वाटे. पण युरोपीय वास्तववादी चित्रकलेचे सारे व्याकरण याच एका वाक्यात आहे.

हे व्याकरण आपल्याकडे आले ते मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून. 1857 साली निघालेल्या या शाळेत आधी भूमिती, मग प्लास्टरच्या साच्यांवरून रेखाटन, मग वस्तू आणि शेवटी माणूस, अशी पायऱ्या चढत जाण्याची पद्धत होती. नग्न मानवाकृतीचा अभ्यासवर्ग तर ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या काळात, 1919 नंतर रुजला. त्यामुळे त्याआधीच्या पिढ्यांचा हात जो तयार झाला तो मोठ्या प्रमाणात अचल वस्तूंवर. निजामाच्या मुलुखाशी या शाळेचा संबंधही जुनाच. जॉन ग्रिफिथ्स यांनी 1872 पासून विद्यार्थ्यांना सोबत घेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करविल्या. अजिंठा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. म्हणजे काचीगुड्याला रेल्वे येण्याच्या कितीतरी आधी जे. जे.चे कुंचले निजामाच्या हद्दीत येऊन गेले होते.

पण शिकणे वेगळे आणि पोट भरणे वेगळे. हैदराबादेत चित्रकाराला पैसा मिळे तो तसबिरीचा. नवाब, जहागीरदार, दिवाण, मोठे वकील या सर्वांना स्वतःची पूर्णाकृती हवी असे. त्यातही स्पर्धा होती. राजा दीनदयाळ यांच्या कॅमेऱ्याने या शहराला केव्हाच वश केले होते. खुद्द राजा रविवर्मा 1902 साली भावासह येथे आले आणि दीनदयाळांकडेच उतरले. निजामाकडून मोठे काम मिळेल या आशेवर ते थांबले आणि शेवटी निराश होऊन परतले. भावाच्या रोजनिशीत ही हकीगत नोंदलेली आहे. रविवर्म्यांची ही गत, तर कोकणातून वा नगरकडून आलेल्या तरुण मराठी चित्रकाराची काय कथा! फुलदाणी आणि फळांचे चित्र घेऊन तो कोणाच्या देवडीवर उभा राहणार?

तरीही मराठी चित्रकार आले. त्यांतले एक नाव वाचकांना चांगले ठाऊक आहे, पण चित्रकार म्हणून नव्हे. वेदमहर्षी पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर मुळात चित्रकार होते. जन्म 1867 चा, सावंतवाडी संस्थानातील कोलगावचा. जे. जे.मध्ये शिकून, मेयो पदक मिळवून विसाव्या शतकाच्या आरंभी ते हैदराबादेत आले आणि त्यांनी येथे चित्रशाळा थाटली. सावंतवाडी ही लाकडी फळांची नगरी. तिथल्या चिताऱ्यांनी रंगविलेले लाकडी केळे नि सीताफळ पाहून अजूनही पाहुण्यांचा हात फसतो. ज्या मुलुखात फळाचा भास निर्माण करणे हा घराघरांतला धंदा होता, तेथून आलेल्या माणसाने तैलरंगात वस्तूचे हुबेहूबपण साधावे, यात मला तरी नवल वाटत नाही.

सातवळेकरांचे चित्त मात्र एव्हाना वेदांकडे आणि देशकार्याकडे वळू लागले होते. विवेकवर्धिनीच्या उभारणीत ते होते. त्यांचा 'वैदिक प्रार्थनांची तेजस्विता' हा लेख कोल्हापूरच्या 'विश्ववृत्ता'त छापला गेला, त्यावर राजद्रोहाचा खटला झाला आणि संपादक प्रा. विष्णु गोविंद विजापूरकर यांना तुरुंगवास घडला. सातवळेकरांना हैदराबाद सोडावे लागले. हरिद्वार, लाहोर असा प्रवास करीत ते औंधला स्थिरावले आणि पुढे गुजरातेत पारडीला गेले. लाहोरातही पोटासाठी त्यांनी चित्रशाळाच चालविली होती. 1968 साली, वयाची शंभरी ओलांडून ते वारले, तेव्हा चित्रकार ही त्यांची ओळख लोक विसरून गेले होते. तो वारसा चिरंजीव माधवराव सातवळेकरांनी चालविला. ते महाराष्ट्राचे कलासंचालक झाले आणि अखेरपर्यंत वास्तवदर्शी शैलीशी इमान राखून राहिले.

दुसरे घराणे देऊसकरांचे. रामकृष्ण वामन देऊसकर हे निजामी राजवटीत व्यक्तिचित्रकार म्हणून नावाजले. त्यांचा पुतण्या गोपाळ 1911 साली अहमदनगरला जन्मला, लहानपणीच आईबापांना पारखा झाला आणि काकांकडे हैदराबादला वाढला. रंगांचे पहिले धडे त्याने काकांच्याच हाताखाली गिरविले. मग जे. जे., मग लंडनची रॉयल अकॅडमी. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात शिरताना बालगंधर्वांची जी दोन मोठी चित्रे दिसतात ती या गोपाळराव देऊसकरांची. टिळक स्मारक मंदिरातले टिळक-चरित्राचे भित्तिचित्रही त्यांचेच. 1994 मध्ये ते पुण्यात वारले. पुणेकर त्यांना पुण्याचे मानतात. ते मानोत बापडे, पण हात घडला तो मुसीच्या काठी, हे आपण सीमेवरच्या माणसांनी विसरू नये. याच घराण्यातले सुकुमार देऊसकर शांतिनिकेतनात शिकून आले आणि 1940 मध्ये निघालेल्या हैदराबादच्या सरकारी कलाशाळेत त्यांनी नव्या पिढीला शिकविले. एकाच घरात लंडनचे वळण आणि शांतिनिकेतनचे वळण शेजारी शेजारी नांदले.

आता माझा मूळ मुद्दा. हे सारे व्यक्तिचित्रकार, मग यांत स्थिरचित्र कोठे आले? यासाठी जुन्या दरबारी तसबिरीपुढे जरा वेगळ्या रीतीने उभे राहावे लागते. चेहऱ्यावरचा डोळा काढून घ्या आणि बाकीचे पाहा. संगमरवरी माथ्याचे मेज, त्यावर फुलदाणी, दोन जाड पुस्तके, शेरवानीवरचे जरीकाम, तलवारीच्या मुठीवर पडलेली उजेडाची तिरीप, पायाखालचा गालिचा. चित्राचा निम्म्याहून अधिक पृष्ठभाग हा स्थिरचित्रच असतो! नवाबसाहेब बैठकीला दोनचार वेळा, तेही अर्धा तास बसणार. मेज नि फुलदाणी मात्र महिनाभर जागची हलत नाही. त्यामुळे अनेकदा असे दिसते की चेहरा सावधपणे, थोडा गोड करून रंगविलेला आहे आणि चित्रकाराचा खरा जीव रमला आहे तो चांदीच्या अत्तरदाणीत. तेथे त्याला खुशामत करावी लागत नव्हती. अत्तरदाणी काही 'माझे नाक असे का?' म्हणून विचारीत नाही. बालगंधर्वांच्या स्त्रीवेशातल्या चित्रापुढेही हेच करून पाहावे. वस्त्राचे वजन आणि अलंकारांची चमक ज्या हाताने उतरविली, तो हात कधीकाळी तांब्या नि कापडावर घोटला गेला आहे, हे लगेच ध्यानात येते.

ज्यांना हे प्रत्यक्ष पाहायचे असेल त्यांनी सालारजंग संग्रहालयात एक दिवस काढावा. मीर युसुफ अली खान, तिसरे सालारजंग, 1949 मध्ये निपुत्रिक वारले. त्यांचा अफाट संग्रह 1951 च्या डिसेंबरात दिवाण देवडीत लोकांसाठी खुला झाला आणि 1968 मध्ये मुसीकाठच्या आजच्या इमारतीत आला. बुरख्यातल्या रिबेकेपुढे नेहमीच गर्दी असते. चित्रांच्या दालनांत मानाने शांतता असते. तेथे युरोपीय तैलचित्रे आणि आपली मंडळी एकाच छपराखाली पाहता येतात आणि कोणाचा हात कोठे शिकला ते ताडता येते.

हे झाले देवड्यांचे. काचीगुडा, सुलतानबाजार, बडी चावडी या भागांतल्या मध्यमवर्गीय मराठी घरांचे काय? काचीगुड्याचे ते घुमटवाले स्टेशन 1916 सालचे. मनमाडहून औरंगाबाद, परभणी, नांदेड, निजामाबाद करीत येणारी छोट्या रुळांची गाडी मराठवाड्याचा माणूस इथे आणून सोडी. आमचे गाव धर्माबादच्या अलीकडचे. माझे आजोळ काचीगुड्याला. आजोबा रेल्वेच्या कचेरीत कारकून. त्यांच्या माजघरात दत्ताच्या तसबिरीशेजारी एक तैलचित्र होते. हिरव्या कापडावर पितळी तपेली, फोडलेले सीताफळ, दोन मोसंबी आणि उलगडलेली एक उर्दू चिठ्ठी. घरी भाड्याने राहिलेल्या एका तरुण चित्रकाराने तीन महिन्यांच्या भाड्याऐवजी ते दिले, असे आजी सांगे. "भाडं बुडालं, पण सीताफळ बारमाही झालं," हा तिचा ठरलेला विनोद. त्या सीताफळाची एक बी ताटाबाहेर, कापडावर पडलेली होती आणि तिच्यावर टाचणीच्या टोकाएवढा पांढरा ठिपका होता. त्या ठिपक्यामुळे ती बी ओली दिसे. चित्रावर सही नव्हती. घर विकले गेले तेव्हा सागवानी चौकट कोणालातरी हवी होती म्हणून ती काढून घेतली गेली आणि गुंडाळलेला कॅनव्हास जुन्या सामानाबरोबर गेला.

हा केवळ एका घरातला प्रसंग नाही. स्थिरचित्राच्या नशिबी हेच आले, आणि त्याला इतिहासातली दोन कारणे आहेत. पहिले असे की अकादमीच्या पद्धतीत युरोपातही फळाफुलांचे चित्र सर्वांत खालच्या पायरीवर मानले जाई. पौराणिक प्रसंग वर, माणूस मध्ये, वस्तू खाली. फ्रान्समध्ये शार्दांसारख्या थोर चित्रकारालाही हा कमीपणा सोसावा लागला. आपल्याकडे तीच उतरंड आली. बॉम्बे आर्ट सोसायटी 1888 मध्ये स्थापन झाली. तिचे सुवर्णपदक 1895 मध्ये धुरंधरांना मिळाले ते माणसांच्या चित्रासाठी. दिवाळी अंकांचेही तेच. दीनानाथ दलालांची 'दीपावली' 1945 मध्ये निघाली. अशा अंकांच्या मुखपृष्ठांनी मराठी घराला चित्र पाहायला शिकविले, पण मुखपृष्ठावर राज्य केले ते ललनांनी, तपेलीने नव्हे.

दुसरे कारण अधिक चमत्कारिक. सेझानच्या सफरचंदांनी जगात स्थिरचित्राला प्रतिष्ठा मिळवून दिली. जे. जे.मध्ये चार्ल्स जेरार्ड संचालक झाल्यावर हे वारे मुंबईत आले. 1941 मध्ये त्यांच्या पाच विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन प्रदर्शन भरविले. त्यांत भोपळे आणि म. य. कुलकर्णी हे मराठी, आणि पी. टी. रेड्डी हे करीमनगर जिल्ह्यातले तेलुगू. हेच रेड्डी पुढे काचीगुड्याला लागून असलेल्या नारायणगुड्यात राहिले आणि 1996 मध्ये वारले. त्यांचे 'सुधर्मा' हे घर म्हणजे चित्रशाळाच. पण या नव्या दृष्टीला वस्तू हवी होती ती मोडून पुन्हा रचण्यासाठी. हुबेहूबपण आता जुनाट ठरले. म्हणजे वास्तवदर्शी स्थिरचित्र दोन्हीकडून मारले गेले. वास्तववादाला मान होता तेव्हा स्थिरचित्राला नव्हता, आणि स्थिरचित्राला मान आला तेव्हा वास्तववादाचा गेला होता. 1952 मध्ये मुंबईत जहांगीर कलादालन झाले, 1961 मध्ये हैदराबादेत रवींद्र भारती उभी राहिली, तोवर या चित्रांच्या कर्त्यांची पिढी थकली होती.

1956 च्या नोव्हेंबरात राज्य तुटले. मराठवाडा एकीकडे, बिदर-भालकी दुसरीकडे, हैदराबाद तिसरीकडे. कागदपत्रे वाटली गेली, कचेऱ्या वाटल्या गेल्या. घरांतल्या भिंतींवरची चित्रे कोणाच्या खात्यावर पडावीत याचा विचार कोणी केला नाही, आणि करण्याचे ते दिवसही नव्हते. मात्र त्या काळची हैदराबादी मराठी बैठक कशी होती, कोणती भांडी वापरात होती, मराठी घरात उर्दू चिठ्ठी किती सहज पडलेली असे, हे जितके एका बिनसहीच्या स्थिरचित्रात सापडेल तितके कोणत्याही जनगणनेत सापडणार नाही. दुभाषी मुलुखाचा पुरावा असाच असतो, घरगुती आणि बिनसहीचा.

म्हणून वाचकांना एक विनंती. नांदेड, बिदर, आदिलाबाद, निजामाबाद, सोलापूर, बेळगाव, जेथे कोठे आपण असाल तेथे वडिलार्जित घरात असे एखादे चित्र असेल तर ते उतरवून पाठीमागची बाजू पाहा. चौकटवाल्याची चिठ्ठी, एखादी तारीख, रंगांच्या डब्याचे नाव, काही ना काही तेथे असते. जे ठाऊक असेल ते कागदावर लिहून मागे लावून ठेवा. कोणाच्या घरी होते, कोठून आले, कोणी दिले एवढे पुरे. थेट कॅनव्हासवर शाईने लिहू नका, ती पुढे फुटते. ओल्या फडक्याने पुसू नका. आणि घराची वाटणी होईल तेव्हा चौकट आणि चित्र एकाच माणसाच्या हाती द्या.