विळ्याच्या आकाराची रक्तपेशी

इ. स. १८२५ मध्यें जेम्स औट्रम यानें खानदेशांत भिल्लांची पलटण उभारली आणि आजच्या जळगांव जिल्ह्यांतील धरणगांव हें तिचें ठाणें झालें. तिच्या कामगिरीचें वर्णन इतिहासांत पुष्कळ आहे. पण त्या काळच्या सातपुड्यांत बाहेरच्या शिपायाला बंडखोराइतकीच धास्ती दुसऱ्या एका शत्रूची असे. पावसाळा सरतां सरतां रानांत हिंवताप उठे, आणि परका मनुष्य त्यांत सांपडला म्हणजे त्याची धडगत नसे. भिल्ल आणि पावरा मात्र त्याच रानांत पिढ्यान् पिढ्या नांदत आले. त्यांनाही ताप येई, त्यांचींही मुलें दगावत. तरी त्यांच्यांतील कित्येकांच्या रक्तांत एक चिलखत होतें, आणि त्या चिलखताची किंमत त्यांच्याच कांहीं लेंकरांना मोजावी लागत होती.

ह्या रक्ताचा पहिला माग फार दूर लागला. १९०४ च्या अखेरीस शिकागोच्या एका रुग्णालयांत ग्रेनाडा बेटावरचा एक विद्यार्थी दाखल झाला. अर्नेस्ट आयरन्स ह्या तरुण डॉक्टरला त्याच्या रक्तांत विळ्यासारख्या वांकड्या पेशी दिसल्या, आणि त्याचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनीं १९१० मध्यें तो वृत्तांत प्रसिद्ध केला. रोगाचें निदान आपणांस करतां आलें नाहीं, हें त्यांनीं लपविलें नाहीं. वैद्यकांत हा गुण वाटतो तितका सुलभ नाहीं. पुढें १९४९ मध्यें लायनस पॉलिंग व त्यांचे सहकारी यांनीं दोष हिमोग्लोबिनच्या रेणूंतच असल्याचें दाखविलें. १९५४ मध्यें अँथनी ॲलिसन यांनीं आफ्रिकेंतील पाहणीवरून कोडें उलगडलें. आईबापांपैकीं एकाकडूनच हा दोष आला तर घातक हिंवतापापासून मुलाचें बरेंच रक्षण होतें. दोघांकडूनही आला तर तेंच रक्त त्याच्या जिवावर उठतें.

भारतांत ह्या पेशी १९५२ मध्यें निलगिरीच्या आदिवासींत लेहमन व कटबुश यांना आढळल्या. नंतर महाराष्ट्रांत तपासण्या झाल्या, त्यांत भिल्ल, पावरा, माडिया, प्रधान इत्यादि जमातींत शेंकडा २० ते ३५ इतकें प्रमाण दिसून आलें. ह्या कामांत पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांनीं आयुष्य वेंचलें. २०१९ मध्यें त्यांना पद्मश्री मिळाली. जुन्या लिखाणांत ‘धुळें जिल्हा’ असें येतें तेथें धडगांव-अक्कलकुव्याचा मुलूखही समजावा, कारण नंदुरबार जिल्हा वेगळा झाला तो १ जुलै १९९८ रोजीं.

तपासणीचे आंकडे सांगणें सोपें; डॉक्टरपुढें मात्र आंकडा येत नाहीं, मूल येतें. हातापायांचे पंजे सुजलेले, डोळे पिवळसर, गुडघा दुखतो म्हणून रात्रभर रडणारें. संधिवात म्हणावें तर सांधे दुखत आहेत. कावीळ म्हणावी तर डोळे साक्ष देतात. हाडाचा क्षय म्हणावा तर तीही शंका अगदींच वावगी नव्हे. पानथरी वाढलेली हाताला लागते, पण हिंवतापाच्या मुलुखांत वाढलेल्या पानथरीचें कोणाला नवल? मूल फिकें दिसतें म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या जातात. दुखणें लोहाच्या उणिवेचें नसेल तर त्यांनीं गुण येत नाहीं, आणि वारंवार रक्त द्यावें लागलेल्या रोग्याच्या शरीरांत लोह आधींच सांचत असतें. चूक डोळ्यांची नसे. रक्ताचा थेंब प्राणवायु काढून कांचेखालीं पाहिल्यावांचून ह्या रोगाची शंका दृढ होत नाहीं, आणि निश्चितीसाठीं पुढें विजेच्या प्रवाहानें हिमोग्लोबिन वेगळें करून पाहावें लागतें.

दुसरी अडचण ग्रंथांचीच होती. ब्रुकलिनच्या डॉ. जॅनेट वॉटसन यांनीं १९४८ मध्यें असें सुचविलें होतें कीं, तान्ह्या मुलांच्या अंगीं गर्भावस्थेंतील हिमोग्लोबिन असतें तोंवर हा रोग दबून राहतो. भारतांतील पुष्कळ रोग्यांत तें हिमोग्लोबिन मोठेपणींही अधिक टिकतें, असें पुढें दिसून आलें. त्यावरून भारतीय रोग सौम्य, असा समज रूढ झाला. समज निराधार नव्हता, पण सौम्य ही सरासरी आहे. वेदनेनें तळमळणाऱ्या रोग्याला सरासरीचा उपयोग नाहीं, आणि तीव्र रोगाचीं उदाहरणें भारतांतही पुष्कळ मिळालीं आहेत. तेंच हिमोग्लोबिन वाढविणारें हायड्रॉक्सियुरिया हें औषध १९९५ च्या अमेरिकन चाचणींत उपयुक्त ठरलें.

१ जुलै २०२३ रोजीं शहडोल येथें सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानानें ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटि लोकांची तपासणी योजिली असून तपासलेल्यास एक पत्रिका मिळते. लग्नापूर्वीं दोन्हीं घरच्या पत्रिका जुळवून पाहाव्या, असा तिचा हेतु. पाड्यापाड्यांवर जेथें तीन-चार माणसांत एक वाहक, तेथें ही जुळवाजुळव नाजुक होते. निरोगी मुलीची सोयरीक केवळ ह्या कागदावरून मोडेल ह्या भयानें तो पेटींत दडवावासा वाटला तर आश्चर्य नाहीं. म्हणून पत्रिका हातीं देणाऱ्याला थोडें अधिक बोलावें लागतें: वाहक म्हणजे रोगी नव्हे; दोन वाहकांचें लग्न झालें तरी प्रत्येक खेपेस रोगी मुलाचा संभव चारांत एक; आणि तें गर्भारपणांतच तपासतां येतें. तेंही मराठींत सांगून भागत नाहीं. धडगांवकडे पावरी यावी लागते, नाहींतर भिली.