खर्च कोणाचा, बचत कोणाची?

मी डॉक्टर नव्हे, तत्त्वज्ञानाचा मास्तर. तेव्हा कोणतं औषध घ्यावं हे काही मी सांगणार नाही. स्किझोफ्रेनियावरच्या इंजेक्शनाचा थोडा इतिहास सांगतो आणि एक प्रश्न विचारतो: याचा खर्च कोण करतो आणि बचत कोणाच्या पदरात पडते?

1952 साली पॅरिसमध्ये दिसून आलं की क्लोरप्रोमाझिनने भ्रम-भास ओसरतात. रुग्णाला घरी राहता येण्याची आशा निर्माण झाली. पण गोळी रोजची. बरं वाटलं की ती बंद होते आणि दुखणं उलटतं. 1960च्या दशकात यावर तोडगा निघाला. फ्लुफेनाझिनला एक मेदाम्ल जोडलं आणि ते तिळाच्या तेलात विरघळवलं. हो, आपल्या संक्रांतीच्या तिळाचंच तेल! स्नायूत टोचलं की औषध सावकाश रक्तात उतरतं आणि काही आठवडे पुरतं.

पुढे नवी, महाग इंजेक्शनं आली. 2014 साली अमेरिकेत जुन्या हॅलोपेरिडॉल डेकॅनोएटची नव्या पॅलिपेरिडोनशी तुलना प्रसिद्ध झाली. उपचार फसण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. नव्याने वजन वाढलं, जुन्याने अंगात बेचैनी जास्त आली. म्हणजे महाग ते गुणकारीच, असं नाही.

महाग इंजेक्शनाच्या बाजूने एक युक्तिवाद असतो: दवाखान्यात भरती होणं टळतं, म्हणून एकूण खर्च कमी. आता बघा, औषधाचे आणि खाटेचे पैसे एकाच खिशातून जात असतील तर हे गणित जुळतं. आपल्याकडे इंजेक्शन अनेकदा घरचे विकत घेतात. सरकारी खाट वाचली तर बचत सरकारची. शिवाय आईची बुडालेली मजुरी, एसटीचं भाडं, सोबत जाणाऱ्या भावाचा खाडा, हे कोणत्याच वहीत लिहिलं जात नाही.

2017च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने यादीतली आवश्यक औषधं सरकारी दवाखान्यांत मोफत द्यायला सांगितली आहेत, पण ग्रामीण रुग्णालयापासून वर. कोऱ्हाळ्यातून तिथवर जायचं, तर वरचा सगळा खर्च घराचाच.

नीरा ओलांडली की सातारा जिल्हा. सातारा, गोवा आणि तमिळनाडू इथे झालेला एक अभ्यास 2014 सालीच ‘लॅन्सेट’मध्ये आला. प्रशिक्षित कार्यकर्ते रुग्णांच्या घरी जात होते. नुसत्या दवाखान्यातल्या उपचारापेक्षा याचा गुण थोडा जास्त आला. विशेषतः रोजचे व्यवहार सुधारले. सुई घरापर्यंत पोचवायची ती अशा माणसांच्या हातून.

आणि ज्याच्या दंडात सुई जाते, त्याला आधी विचारावं. ‘महिनाभराची कटकट मिटली’ असं घरचे म्हणतात, तेव्हा कटकट कोणाची, हेही विचारावं. रोजची गोळी तो नाकारू शकतो. टोचलेलं औषध परत काढता येत नाही. म्हणून त्याचा होकार ही हिशेबातली पहिली नोंद हवी. पैशांचा ताळेबंद त्यानंतर मांडू.