व्यसन एकाचे, उपचार घराचा

आमचे सव हे गाव महाड तालुक्यात, सावित्रीच्या काठी. बाहेरच्यांना ते ठाऊक असते ते इथल्या उन्हाळ्यांमुळे, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांमुळे. अंगावर खरूज-गजकर्ण उठले, सांधे धरले, की माणसे इथे स्नानाला येत. माझ्या लहानपणी पाहिलेली एक गोष्ट मनात राहून गेली आहे. दुखणेकरी कधी एकटा येत नसे. बरोबर बायको, भाऊ, नाहीतर म्हातारी आई असायचीच. एकजण पाणी बेताचे करून घालायचा, दुसरा कोरडे धोतर धरून उभा राहायचा. कातडीच्या दुखण्याला सगळे घर सोबत येई. दारूच्या दुखण्याला मात्र आम्ही माणसाला एकट्याला पाठवत होतो, आणि बरा होऊन आलेला माणूस दोन-तीन महिन्यांत पुन्हा पिऊ लागला की त्यालाच दोष देत होतो. यात घराचेही काही काम असते, हे वैद्यकालासुद्धा फार उशिरा उमगले. त्या उमगण्याचा इतिहास मला आज सांगायचा आहे.

सुरुवात घरापासूनच करतो. माझे धाकटे चुलते परळला गिरणीत होते. महाड-पोलादपूरच्या घराघरातून त्या काळी एक तरी माणूस मुंबईला असे. चाळीतल्या गावकीच्या खोलीत दहा-पंधराजण वळकट्या टाकून राहत, खानावळीत जेवत आणि महिन्याला मनिऑर्डर धाडत. काका प्यायचे, पण खोलीतल्या वडीलधाऱ्यांचा धाक होता. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला, तो कधी मिटलाच नाही. वर्षभराने काका वळकटी घेऊन गावी आले ते कायमचे. हाताला काम नाही, मनिऑर्डर नाही, आणि हातभट्टी मात्र चालत जाण्याच्या अंतरावर.

मग आमच्या घराची एक नवीच घडी बसली. आजी अंडी विकून जमवलेले पैसे गुपचूप काकांच्या हातात द्यायची, "बाहेर उसनवारी नको" म्हणून. काकी शेजारणींना सांगायची, "त्यांना ताप आहे." उधारी फेडायचे काम माझ्या वडिलांचे. बारा वर्षांचा चुलतभाऊ रात्री पावलांच्या आवाजावरून ओळखायचा, की आज धाकट्या बहिणींना पडवीत न्यायचे की झोपू द्यायचे. प्रत्येकजण घर सावरत होता, आणि त्या सावरण्यानेच काकांचे पिणे बिनबोभाट चालू राहत होते. हे आज मी सांगू शकतो. तेव्हा यातले काही दिसत नव्हते.

जुने उपायही झाले. देवीपुढे शपथ झाली, पोराच्या डोक्यावर हात ठेवून झाला. कोणी सांगितले, माळ घालू द्या. माळेने सुटलेले लोक आमच्या भागात आहेत, आणि त्याचे कारण मला आता वेगळे दिसते. माणूस माळकरी झाला की त्याचे घरही बदलते. स्वयंपाक, सोबत, एकादशी, वारी, सगळेच. शपथेत तसे नसते. शपथ त्याची एकट्याची. एकदा तर काकांना खोलीत कोंडून दारू तोडायचा प्रयत्न झाला आणि तिसऱ्या दिवशी त्यांना झटके आले. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर जिवावर बेतू शकते. ते काम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचे असते, हे आम्हाला त्या रात्री समजले.

१९८५मध्ये काकांना एका इस्पितळात ठेवले. बारा दिवसांत हातांची थरथर गेली, भूक लागू लागली. गोळ्या देऊन घरी पाठवले. त्या बारा दिवसांत घरच्या कोणाला कोणी एक प्रश्न विचारला नाही. काका दोन महिने प्याले नाहीत. चमत्कारिक गोष्ट अशी, की त्या दोन महिन्यांत घरातली भांडणे वाढली. काकांना वाटे, आता घरचा व्यवहार आपल्याकडे यावा. काकी कपाटाची किल्ली कमरेची काढेना. मुले त्यांच्याशी बोलत नसत. आणि आजी म्हणाली, "आता बरा झालाय, सणावाराला घोटभर घेतली तर काय होतंय?" शिमग्याला त्यांनी घोटभर घेतली.

दारू आणि घर या विषयावर आमच्या महाडात एक महत्त्वाचे भाषण फार पूर्वी झाले होते. मार्च १९२७च्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर डिसेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर पुन्हा महाडला आले. बोटीने सावित्रीच्या खाडीतल्या दासगाव बंदरात उतरले आणि तिथून पायी महाडला गेले. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले, ते सर्वांना माहीत आहे. त्याच मुक्कामात त्यांनी स्त्रियांची वेगळी सभा घेतली. स्वच्छ राहा, लुगडे नीट नेसा, मुलामुलींना शाळेत घाला, हे सांगितलेच. शिवाय नवरा किंवा मुलगा दारू पिऊन आला तर त्याला जेवायला वाढू नका, असेही बजावले. मला यातले वेगळेपण असे वाटते, की त्यांनी दारुड्याला उपदेश केला नाही, त्याच्या बायकोशी आणि आईशी बोलले. पिणाऱ्याच्या घरात न पिणाऱ्या माणसाच्या हातातही एक निर्णय असतो, हे त्यांनी ओळखले. वाढायला नकार देणाऱ्या बाईला मार बसू शकतो, हा प्रश्न उरतोच. आजचा समुपदेशक आधी बाईच्या आणि मुलांच्या सुरक्षिततेचे विचारतो, मग पुढचे.

तिकडे अमेरिकेत १९३५मध्ये बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ या दोन मद्यपींच्या भेटीतून अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसची सुरुवात झाली. नवरे सभेत बसत आणि बायका बाहेर, मोटारीत नाहीतर स्वयंपाकघरात, ताटकळत. बिलची पत्नी लोइस हिने पुढे आपला एक प्रसंग मोकळेपणाने सांगितला आहे. नवऱ्याची दारू सुटलेली होती. एके दिवशी तो म्हणाला, चल, सभेला उशीर होतो. तिने पायातला बूट काढून जोरात फेकला. मग तिची तीच चकित झाली. इतकी वर्षे जे मागत होतो ते मिळाले, मग राग कशाचा? इतकी वर्षे त्याला सांभाळणे हेच तिचे आयुष्य झाले होते. ते काम एका सभेने काढून घेतले, आणि तिच्या वाट्याला काहीच उरले नाही. बाहेर ताटकळणाऱ्या बायकांनाही स्वतःची सभा हवी, हे तिला पटले. १९५१मध्ये तिने आणि अॅन नावाच्या मैत्रिणीने अशा गटांना एकत्र जोडले. तीच अल-अॅनॉन. मुलांसाठीचे अलाटीन गट १९५७मध्ये निघाले. आमच्या काकीच्या कमरेची किल्ली मला आठवते ती हा बूट वाचला तेव्हापासून.

डॉक्टरमंडळी आणि समाजसेवक मात्र त्या काळात वेगळेच काही शोधत होते. मद्यपीची बायको मुळातच बिघडलेल्या मनाची असते, तिला दुबळाच नवरा हवा असतो, असे गंभीरपणे लिहिले जाई. १९५३मध्ये थेल्मा व्हेलन या बाईंनी अशा बायकांचे चार नमुने सांगितले: सोसणारी सुझन, ताबा ठेवणारी कॅथरीन, डळमळणारी विनिफ्रेड आणि शिक्षा करणारी पॉली. वाचताना हसू येते, पण आपल्याकडे 'बाईच कजाग, म्हणून तो पितो' असे म्हणतात, त्याचीच ही पुस्तकी आवृत्ती.

पुढच्याच वर्षी, १९५४मध्ये, समाजशास्त्रज्ञ जोन जॅक्सन यांनी याला उत्तर दिले. सिएटलमधल्या मद्यपींच्या बायकांच्या गटात बसून, त्यांचे ऐकून त्यांनी लिहिले, की हे चार स्वभाव नव्हेत, एका संकटाच्या पायऱ्या आहेत. आधी बाई नाकारते, मग लपवते, मग हातपाय गाळते, मग सगळा कारभार स्वतःकडे घेते आणि नवऱ्याला हट्टी पोरासारखे वागवू लागते. एकच बाई आज सुझन असते आणि पाच वर्षांनी कॅथरीन. सात पायऱ्यांपैकी शेवटची आहे दारू सुटल्यानंतर सगळ्या घराची पुन्हा घडी बसवण्याची. ती आपोआप चढली जात नाही. आमचे घर १९८५मध्ये नेमके तिथे अडखळले होते.

त्याच दशकात मानसोपचारात कुटुंबाकडे लक्ष वळत होते. मरे बोवेन या डॉक्टरांनी अमेरिकेत मनोरुग्णांची अख्खी कुटुंबे वॉर्डात राहायला आणली. आपल्याकडे अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी नातेवाइकांना आवारात तंबू देऊन रुग्णाबरोबर राहू दिले. हे दोघेही व्यसनावर काम करत नव्हते. व्यसनाच्या बाजूने महत्त्वाचे काम फिलाडेल्फियात झाले. स्टँटन आणि टॉड यांनी हेरॉइन घेणाऱ्या तरुणांच्या घरच्यांना उपचारात ओढले आणि १९८२मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. नशेबाज म्हणजे घरदार तोडलेला, हा समज त्यांनी खोटा ठरवला. यातली बरीच मुले आईवडिलांच्या नित्य संपर्कात होती.

भारतात ही गोष्ट एका पत्नीच्या दुःखातून सुरू झाली. शांती रंगनाथन यांचे पती मद्यपानाने गेले, आणि १९८०मध्ये त्यांनी मद्रासला टी. टी. रंगनाथन यांच्या नावाने संस्था काढली. तिथे घरच्यांसाठी वेगळा कार्यक्रम पहिल्यापासून महत्त्वाचा मानला गेला. १९८९पासून संस्थेने तामिळनाडूतल्या मंजक्कुडी गावात शिबिरे घेतली. रुग्णाला शहरात न्यायचे नाही, उपचारच गावात आणायचा. सवसारख्या गावाच्या दृष्टीने मला हे सर्वांत मोलाचे वाटते. अजूनही ते आमच्यापर्यंत पुरेसे आलेले नाही.

महाराष्ट्रात १९८०च्या दशकात गर्दची, म्हणजे ब्राउन शुगरची, लाट आली. अनिल अवचट यांनी त्यावर लिहिले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी एक लाख रुपये देऊ केले, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवड्याला मुक्तांगण सुरू झाले. सूत्रे होती डॉ. अनिता अवचट यांच्याकडे. त्या मनोविकारतज्ज्ञ होत्या, पण व्यसनी मुलांना त्या मॅडमइतक्याच आई वाटत. १९९७मध्ये त्या गेल्यावर कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी काम पुढे नेले. इथे रुग्णांच्या पत्नींसाठी 'सहचरी' गट आहे. नाव फार नेमके आहे. रुग्णाची बायको म्हणून नव्हे, स्वतःचे काही दुखते म्हणून बाईने तिथे बसायचे.

कुटुंबाला सामील करून काय साधते, याची मोजदादही झाली आहे. १९९९मध्ये अमेरिकेत मिलर, मेयर्स आणि टोनिगन यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. उपचार घ्यायला साफ नकार देणाऱ्या मद्यपींच्या १३० नातेवाइकांना तीन गटांत विभागले. एका गटाला शिकवले, की माणूस शुद्धीत असताना त्याच्याशी चांगले वागा, प्यायला असताना त्याची सरबराई करू नका, त्याने घातलेला घोळ त्यालाच निस्तरू द्या, आणि उपचाराचा विषय नेमक्या वेळी काढा. यांच्यापैकी ६४ टक्के लोकांचे माणूस उपचाराला आले. सगळ्यांनी मिळून एकदम समोर बसवून जाब विचारायच्या पद्धतीत ३० टक्के, आणि अल-अॅनॉनच्या वाटेने १३ टक्के. अल-अॅनॉनवर यात थोडा अन्याय आहे. नवऱ्याला उपचाराला आणणे हा तिचा हेतूच नाही. बाईला सावरणे हा आहे.

काकांना १९९१मध्ये पुण्याच्या एका केंद्रात नेले. तिथल्या ताईंनी पहिलीच अट घातली: काकी आणि आजी दोघींनी यायला हवे. आजी चिडली. "मी काय पिते?" असे म्हणत आली. तिला त्या ताईंनी एकदाही दोष दिला नाही. फक्त विचारले, "आजी, तुम्ही पैसे देत नसता तर तुम्हाला कशाची भीती वाटली असती?" आजी बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तो माझ्याशी बोलायचा बंद झाला असता." अंड्यांचे पैसे त्या दिवसापासून बंद झाले. काकांनी एकदा, पहिल्या वर्षात, पुन्हा घेतली. पण या वेळी काकीने ताप आहे म्हणून सांगितले नाही. वडिलांनी उधारी फेडली नाही. तिसऱ्या दिवशी काका आपण होऊन पुण्याच्या गाडीत बसले.

त्यानंतर ते प्याले नाहीत. २०११मध्ये ते गेले. चुलतभावाने मात्र त्यांना पुरते माफ केले नाही. त्याच्याशी कोणी बोललेच नव्हते. मुलांचे गट तेव्हा आमच्या वाट्याला आले नाहीत, आणि रात्री पावलांचा आवाज आला की आजही तो जागा होतो, असे वहिनी सांगतात.

काकी महिन्याच्या महिन्याला बायकांच्या सभेला पुण्याला जात राहिली. महाडहून वरंध घाटाने भोरवरून एस. टी. जाई. त्याआधी ती एकटीने कधी गाडीत बसली नव्हती. पावसाळ्यात दरड कोसळून घाट बंद झाला की सभा चुके. मग ती आंतरदेशीय पत्र लिहायची. लिहून द्यायला मी असे. पहिल्या पत्रात काकांविषयी चार ओळी होत्या. तिसऱ्या-चौथ्या पत्रात ती भाताविषयी, धाकटीच्या शाळेविषयी आणि स्वतःच्या गुडघ्याविषयी सांगू लागली. काकांचे नाव पत्ता लिहिताना 'द्वारा' म्हणून येई तेवढेच.